अ-२ श्रेणी आणि ५०३ वजा २७८

ऐरोलीच्या एका आईने विचारलं आहे. मुलगा सहावीत, अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी. पहिलीपासून गणितात अ-२ च्या खाली कधी आला नाही. दिवाळीत मामाने सहज एक तीन अंकी वजाबाकी घातली, ती चुकली. दुसरी घातली, तीही चुकली. शाळेत विचारलं तर "छान प्रगती आहे, काळजी करू नका." वडिलांचं म्हणणं, परीक्षा बंद केल्या तिथेच सगळं बिघडलं, एकदा नापास झाला असता तर शिकला असता. आईचा विचार, शाळाच बदलावी, सीबीएसईला घालावं. "बाई, यातलं बरोबर काय?"

ताई, मी कळव्याला पाचवी ते दहावीच्या वर्गांना २८ वर्षं गणित शिकवलं, दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. निवृत्त झाल्यापासून ठाणे-नवी मुंबईतल्या वर्गांत मागच्या बाकावर बसते आणि तास संपल्यावर शिक्षकांशी बोलते. उत्तर लांबेल, कारण तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत.

तुमच्या मुलाला अ-२ कशाबद्दल मिळाला, ते आधी बघू. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याचे दोन भाग, आकारिक आणि संकलित. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभर शिक्षकाने केलेली नोंद: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय वगैरे. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. म्हणजे तुमच्या मुलाचे शंभरातले पन्नास गुण शिक्षकाच्या वहीतून येतात. वही स्वच्छ, मुलगा शांत, घनाची प्रतिकृती वेळेवर आणलेली, की पन्नासातले ४५ कुठे जात नाहीत. उरलेल्या पन्नासात ठरलेली उदाहरणं येतात, ती आदल्या आठवड्यात फळ्यावर होऊन गेलेली असतात. तिथे ३८ मिळाले तरी बेरीज ८३. ८१ ते ९० ला अ-२. वजाबाकी न येताही हे सगळं जमतं.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाही. माझ्या वर्गात ६२ मुलं होती. सत्र संपलं की प्रत्येकाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयातून, या नोंदींची एक झेरॉक्स फिरत आली होती, पुढे व्हॉट्सॲपवर तिची पीडीएफ झाली. एका सत्राला मी एका मुलापुढे "गणितातील मूलभूत क्रिया अचूक करतो" असं लिहिलं. त्याच आठवड्यात त्याच्या वहीत मी त्याच हाताने सहा वजाबाक्यांवर लाल फुली मारली होती. रात्री साडेअकरा वाजले होते, अजून चाळीस नावं बाकी होती. ते प्रगतिपुस्तक पालकांनी सही करून परत पाठवलं, मुख्याध्यापकांनी सही केली, विस्तार अधिकारी येऊन गेले. कोणी काही विचारलं नाही. विचारणार कसे? नोंद छानच होती.

कल्पना मात्र चांगली होती, आजही आहे. 'आकारिक' हा शब्दच बघा. मडकं चाकावर ओलं असताना हात लावायचा, भाजून झाल्यावर नाही. पण आम्ही त्या ओल्या मातीला हात लावण्याऐवजी तिचे गुण लिहीत बसलो.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला बंदी केली, हे खरं. पण २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली, राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची मोकळीक मिळाली. महाराष्ट्राने २०२३ ला नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. म्हणजे तुमचा मुलगा पाचवीची परीक्षा पास होऊनच सहावीत आला आहे. परीक्षा नव्हती म्हणून त्याची वजाबाकी कच्ची राहिली, हे त्याच्या बाबतीत तरी लागू पडत नाही. परीक्षा होती आणि तिने ते पकडलं नाही.

आणि समजा पकडलं असतं, नापास केला असता, तर काय झालं असतं? पाचवीचं तेच पुस्तक, तोच वेग, बहुधा त्याच बाई. त्याच्यात जे निसटलंय ते तिसरीतलं आहे. पाचवी दोनदा केली तरी तिसरी त्यात येत नाही. १९९० च्या दशकात आम्ही सर्रास नापास करायचो. सातवीत राहिलेला मुलगा जूनमध्ये उंचीने सगळ्यात मोठा म्हणून मागच्या बाकावर बसायचा, गणपतीपर्यंत यायचा, मग कळायचं की टीटीसीत, ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, कुठल्याशा कंपनीत हेल्पर म्हणून लागला. मुलगी असेल तर घरी धाकट्या भावंडांकडे. त्यातलं कोणी वजाबाकी शिकून परत आलेलं मला आठवत नाही.

तरी मिस्टरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी सोडणार नाही. नापासाचा शिक्का वाईट होता, पण ती एक घंटा होती. ती वाजली की निदान घरात कळायचं. आपण घंटा काढली आणि तिच्या जागी अ-२ लावला.

आकडे शाळेच्या हातात असले की कसे फुगतात, याचं ठसठशीत उदाहरण आपल्याच दहावीत आहे. मार्च २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडे असलेले २० गुण काढून घेतले, निकाल आला ७७.१० टक्के. ओरड झाली, २० गुण परत आले, २०२० ला निकाल ९५.३०. प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता आणि २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, त्यामुळे सगळा फरक त्या २० गुणांचा नाही. पण २०२१ ला परीक्षाच झाली नाही, सगळं मूल्यमापन शाळांकडे होतं, तेव्हा ९९.९५ टक्के पोरं पास झाली. त्या वर्षी मराठी पोरं एकदम हुशार झाली नव्हती. वाशीच्या बोर्डात पेपर घेऊन जाणाऱ्या आम्हा परीक्षकांना तोंडी परीक्षेचे २० पैकी १९ नवीन नव्हते. मीही १९ दिलेत. दुसरी शाळा २० देणार हे माहीत असताना आपल्या पोराला १३ द्यायला छाती लागते.

मग बाहेरची कडक परीक्षा आणावी का? सीबीएसईने २००९ नंतर दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक करून पाहिली आणि २०१८ ला पुन्हा सक्तीची केली. आपण पाचवी-आठवीत हेच केलं. लंबक इकडून तिकडे जातो आणि दर खेपेला वर्तमानपत्रात लेख येतात. मला विचाराल तर हा वाद चुकीच्या दाराशी चालला आहे. मुलाने पेपर लिहिला, बाईंनी तपासला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात काय बदललं? काहीच बदललं नसेल तर परीक्षा असली काय नि नसली काय.

एका गणिताने दाखवते. तुमच्या मुलाला कागदावर हे करायला द्या: ५०३ − २७८. उत्तर २२५. माझ्या वर्गात हे गणित घातलं की चुकीची चार उत्तरं हमखास यायची.

पहिलं ३७५. हा मुलगा प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करतो. आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, पाचातून दोन तीन. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्यासाठी ५०३ ही एक संख्या नाहीच, शेजारी शेजारी राहणारे तीन आकडे आहेत.

दुसरं १३५. याला उसनं घ्यायचं कळलंय, पण मधे शून्य आलं की तो गडबडतो आणि थेट शतकाकडे जातो. एककासाठी पाचाचे चार केले, दशकासाठी चाराचे तीन. एकाच घरातून दोनदा उसनवारी.

तिसरं ३२५. शून्याचे नऊ करायचे हे त्याला पाठ आहे, पण ते कुठून आले हे माहीत नाही, म्हणून पाच पाचच राहतात.

चौथं २१५, आणि हे बघून मला नेहमी वाईट वाटायचं, कारण हा घरी अभ्यास घेतला जाणारा मुलगा असतो. शाळेत त्याला दशक सुटा करायला शिकवलंय: पाचाचे चार, शून्याचे नऊ, तीनाचे तेरा. घरी आजोबा किंवा बाबा जुन्या पद्धतीने शिकवतात: "तेरातून आठ गेले पाच, हातचा एक, सात आणि एक आठ." दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पोरगं दोन्ही एकत्र करतं. वरच्या शून्याचे नऊ करून ठेवतं आणि खालच्या सातात हातचाही मिळवतं. नवातून आठ एक. एकाच उसनवारीची दोनदा फेड.

गुणपत्रिकेत या चौघांना शून्य. शेरा एकच: "वजाबाकीचा सराव करावा." पहिल्याला सराव दिला तर तो शंभर वेळा ३७५ सारखं उत्तर काढेल आणि ती चूक पक्की होईल. चौथ्याला सरावाची गरजच नाही, त्याच्या आजोबांना एक फोन करायचा आहे.

साठ वह्या तपासायच्या म्हणजे मरण, हे मी भोगलंय. म्हणून पुढे मी रोज सगळी वही तपासणं बंद केलं. तास संपताना एकच गणित चिठ्ठीवर सोडवून घ्यायचं आणि चिठ्ठ्यांच्या थप्प्या लावायच्या, गुणांप्रमाणे नाही, चुकीप्रमाणे. पंधरा मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवशी पहिली वीस मिनिटं त्या थप्प्यांची. ज्यांचं बरोबर आलं त्यांना एक अवघड कोडं देऊन बसवायचं, बाकीच्यांबरोबर खाली सतरंजीवर. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा एका सरांनी विचारलं, "याची नोंद कुठे करायची?" मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांना ते पटलं नाही. आमच्या खात्यात नोंद नसलेलं काम झालेलंच नसतं.

सतरंजीवर काय करायचं, तेही सांगते, कारण तुम्हाला घरी हेच करायचं आहे. खेळातल्या नोटा घ्या. शंभराच्या पाच, दहाच्या बऱ्याच, एकची नाणी. मुलाकडे ५०३ रुपये, म्हणजे शंभराच्या पाच नोटा आणि तीन नाणी. दुकानदाराला मोजून २७८ द्यायचे. आठ नाणी द्यायला नाणी तीनच. दहाची नोट मोडावी तर ती नाहीच. तो थांबतो, आणि मग म्हणतो, "शंभराचे सुट्टे लागतील." झालं. शंभराच्या दहा दहाच्या नोटा, त्यातल्या एका दहाची दहा नाणी. समोर पडले चार शंभर, नऊ दहा, तेरा नाणी. शून्याचे नऊ कुठून आले हे आता त्याने हाताने केलंय. 'हातचा', 'उसना' हे शब्द मुलांना मंत्रासारखे वाटतात. 'सुट्टे' हा शब्द त्यांना रिक्षावाल्यामुळे तिसरीच्या आधीपासून माहीत असतो.

माझ्याकडे विटाव्याचा एक मुलगा होता. वडिलांचा जांभळी नाक्याला भाजीचा ठेला, हा सकाळी तिथे आणि दुपारी शाळेत. पाऊण किलो गवार, अर्धा किलो भेंडी, पाचशेची नोट, परत किती? तोंडी, चुटकीसरशी. कागदावर मात्र ३७५ वाला. मी बरीच वर्षं समजत होते की हा आळशी आहे. २०२५ ला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांना व्यवहारातले हिशोब बिनचूक जमतात, पण तीच क्रिया पुस्तकी पद्धतीने मांडली की जमत नाही. आणि नुसती शाळेत जाणारी मुलं याच्या उलट. वाचताना तोच मुलगा डोळ्यांसमोर आला. मधला पूल बांधायचं काम माझं होतं. तो आता कुठे असतो, मला माहीत नाही.

बॅनर्जी-डुफ्लो यांचं आणखी एक काम इथे सांगायला हवं. 'प्रथम' ही संस्था १९९५ ला मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाली. तिच्या बालसखी उपक्रमात, २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतल्या मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतल्याच एका तरुणीने रोज दोन तास वेगळं बसवून शिकवलं. फार मोठी पदवी नाही, फार मोठं प्रशिक्षण नाही. या दोघांनी सहकाऱ्यांबरोबर ते मोजून पाहिलं. गुण वाढले. त्यातूनच पुढे इयत्तेप्रमाणे न बसवता येण्याप्रमाणे गट करून शिकवायची पद्धत आली, आज ती आपल्याकडे बऱ्याच शाळांत या ना त्या नावाने चालते. चालते म्हणजे अधिकारी येणार असतील त्या दिवशी नक्की चालते. मुलांना किती वाचता-मोजता येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. 'असर' शहरात येत नाही, त्यामुळे ठाणे-ऐरोलीचा आकडा त्यात सापडणार नाही. मी मागच्या बाकावरून जे बघते त्यावरून शहराने फार छाती फुगवू नये.

शेऱ्याबद्दल एक. १९८८ ला मानसशास्त्राच्या अभ्यासक रुथ बटलर यांनी इस्राएलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. दोन्ही मिळालेली सुधारली नाहीत, कारण गुण दिसला की शेरा कोण वाचतो? मी हे करून पाहिलं. चाचणीचे कागद गुण न लिहिता परत दिले, प्रत्येकावर एकच ओळ: "दशकाच्या घरात बघ, शून्याचं काय केलंस?" दोन दिवसांनी गुण देणार होते. दुसऱ्याच दिवशी तीन पालक गेटवर. "बाई, मार्क कुठायत?" एका आईने तर विचारलं, पेपर हरवले का? चौथ्या महिन्यात सवय झाली त्यांना. मलाही.

आता वरून येणाऱ्या सुधारणा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे, त्यात मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्यांनी लिहायचं, पालकांनीही. लहान वर्गांत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करायचं 'निपुण भारत' अभियान आहे. आपल्याकडे पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या राज्य स्तरावरून येतात, त्यांचे गुण शिक्षक मोबाइलवरून भरतात. यातलं काहीही वाईट नाही. पायाभूत चाचणीचे प्रश्न तर चांगले असतात. घोळ होतो तो चाचणीचा कागद शाळेबाहेर पडतो तेव्हा. ज्या कागदावरून शाळेचा क्रमांक लागणार, शाळांच्या गटाचे केंद्रप्रमुख बैठकीत नाव घेणार, त्या कागदावर शिक्षक मुलाचं दुखणं लिहीत नाही. डॉक्टरला रोग्याच्या तापावरून पगार दिला तर थर्मामीटर ९८ च्या वर जाणार नाही. म्हणून माझं मत: मुलासाठीची तपासणी आणि कार्यालयासाठीची तपासणी या दोन वेगळ्या वह्या हव्यात. कार्यालयाला राज्याचं चित्र हवं असेल तर थोड्या शाळांतली थोडी मुलं बाहेरच्या माणसाने तपासावीत, नावं न घेता. वर्गातली वही वर्गातच राहू द्यावी.

आणि सुधारणा म्हणजे दर वेळी नवा तक्ताच असतो असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणातच शाळा नेली. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नलवर राहणाऱ्या मुलांची सिग्नल शाळा भरते, तिचं मूळ मला तिथेच दिसतं. मूल आहे तिथून सुरुवात करायची. गणितात याचा अर्थ एवढाच, की सहावीतला मुलगा तिसरीत अडकला असेल तर तिसरीपासून, न लाजता.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. सीबीएसईला घातल्याने वजाबाकी येणार नाही. फी वाढेल, बस येईल, इंग्रजीत अडकेल. आधी घरी अर्धा तास काढा आणि चार गोष्टी बघा. पेपर घेतल्यासारखं करू नका, चहा पिता पिता.

एक, ५०३ − २७८, आणि उत्तर काहीही आलं तरी "बरोबर", "चूक" न म्हणता "कसं केलंस?" एवढंच विचारा.

दोन, मराठीत आकडे सांगा आणि लिहायला लावा: पस्तीस, त्रेपन्न, एकोणसत्तर, एकोणनव्वद. सेमीच्या मुलांचं इथे फार अडतं. आपण 'पस्तीस' म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने चेष्टा केली. विनोद मलाही आवडले, पण ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या गणितज्ञ मंगला नारळीकर जे सांगत होत्या ते वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला माहीत होतं.

तीन, शाब्दिक उदाहरण. "रमेशकडे १५ गोट्या आहेत. त्या सुरेशपेक्षा ६ ने जास्त आहेत. सुरेशकडे किती?" २१ म्हणाला तर तो गणित न वाचता 'जास्त' हा शब्द शोधतोय. मग दुखणं गणिताचं नाही, वाचनाचं आहे. मराठीतलाच उतारा वाचून घ्या, अर्थ विचारा.

चार, ०.५ मोठा की ०.४५? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. याला पुन्हा रुपये-पैसे: पन्नास पैसे आणि पंचेचाळीस पैसे.

मग शाळेत जा, पण पालकसभेच्या गर्दीत नको. "कसा आहे अभ्यासात?" असं विचारलंत तर "छान आहे" हेच उत्तर मिळेल, मीही तेच द्यायचे. त्याची वही आणि हा घरचा कागद घेऊन जा आणि विचारा, "बाई, याला नेमकं इथे काय कळलेलं नाही?" शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तर त्याला जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते कलम तोंडावर फेकू नका, फक्त मनात असू द्या. बाईंना निवडणुकीची, सर्वेक्षणाची, ऑनलाइन भरायची कामं असतात, त्या बहुधा तुमच्याइतक्याच दमलेल्या असतील. नेमका प्रश्न विचारणारा पालक आम्हाला क्वचित भेटतो, आणि भेटला की त्या मुलाकडे लक्ष जातंच. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीही असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तुमच्या शाळेत त्या कोण आहेत ते शोधा. बहुतेक ठिकाणी खिचडी आणि गणवेश यापलीकडे विषय निघत नाहीत. तिथे कोणीतरी थप्प्यांचं बोललं पाहिजे.

घरी रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, दोन आठवडे. नोटांशिवाय कागदाला हात लावू देऊ नका, पहिले चार दिवस तर नाहीच. मिस्टर जुन्या पद्धतीने हातचा शिकवत असतील तर त्यांना तेवढे दिवस क्रिकेट बघू द्या. पंधरा दिवसांनी त्याला ६०४ − ३५७ द्या आणि त्याने कसं केलं ते त्याच्याच शब्दांत मला लिहून पाठवा. नुसतं उत्तर पाठवू नका, त्यावरून मला काही कळणार नाही.